मीटरशेजारची जुनी पेटी कधी बदलावी?

घरातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बदलते. भिंतींना नवा रंग लागतो, शहाबादी फरशीच्या जागी टाइल्स येतात, लेकीच्या लग्नाआधी स्वयंपाकघराचा ओटा नवा होतो. एक वस्तू मात्र जशी लावली तशीच वर्षानुवर्षे राहते. ती म्हणजे मीटरशेजारची फ्यूजची पेटी. साताऱ्याच्या जुन्या पेठांत, सांगलीच्या खणभागात, मिरजेच्या गल्ल्यांत, कराड-वाईच्या वाड्यांत अजूनही अशा पेट्या दिसतात. एक लाकडी फळी, त्यावर लोखंडी मेन स्विच आणि पांढऱ्या चिनी मातीचे दोन-चार किटकॅट. लाइट गेली की घरातले कोणीतरी खुर्चीवर चढते, किटकॅट उपसते, तार बांधते आणि परत बसवते. लाइट आली की विषय संपतो.

विषय तिथे संपू नये, म्हणून हा लेख. पेटी जुनी झाली एवढ्यावरून ती धोक्याची ठरत नाही, आणि नवी आहे म्हणून सुरक्षितही ठरत नाही. ती बदलायची वेळ आली आहे हे ओळखायचे कसे, बदलताना काय मागायचे आणि हातात पैसा कमी असेल तर आधी काय करायचे, ते आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

घर वाढले, पेटी तीच

१९६२ मध्ये कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून वीज मिळू लागली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सातारा-सांगलीच्या गावागावांत खांब उभे राहिले. त्या काळात घरात वीज घेताना हिशेब साधा होता. साठ वॉटचे पाच बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. सगळे एकदम लावले तरी चारशे वॉट. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, म्हणजे सगळ्या घराला मिळून दोन अँपिअरही लागत नसत.

आता ईदच्या सकाळचे घर डोळ्यांसमोर आणा. गिझर चालू आहे, कारण सगळ्यांना गुसल करून नमाजाला वेळेत निघायचे आहे. एका खोलीत कुर्त्यांना इस्त्री चालली आहे. स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो आहे. वरच्या टाकीत पाणी चढवायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावली आहे. फ्रिज, चार पंखे, दिवे, टीव्ही तर आहेतच. हिशेब करू: गिझर २००० वॉट, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, मोटर सुमारे ६००, पंखे ३००, फ्रिज २००, दिवे आणि टीव्ही २००. बेरीज झाली ५०५० वॉट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर.

दोन अँपिअरच्या आतले घर बावीस अँपिअरवर गेले. बारा पट वाढ. पण तारेतली किंवा स्क्रूखालची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, बारा पट झाला की जवळजवळ दीडशे पट. आजोबांच्या वेळी बसवलेला तोच स्क्रू, तोच थोडासा गंजलेला जोड, आज त्याच जागी दीडशे पट उष्णता सोसतो आहे. जुनी पेटी तापते ती यामुळे.

फ्यूजचे काम तुटण्याचे आहे

फ्यूजबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की तो उडणे म्हणजे बिघाड. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. वायरिंगमध्ये प्रवाह झेपेल त्यापेक्षा जास्त झाला, तर भिंतीतली वायर तापण्याआधी ही बारीक तार वितळावी आणि वीज बंद व्हावी, एवढ्यासाठीच ती असते. ती वितळली म्हणजे तिने आपले काम केले.

पण आपण काय करतो? फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्यांदा जाड तार बांधतो. दिव्यांच्या पाच अँपिअरच्या फ्यूजला कथील चढवलेली ०.२ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार लागते. पंधरा अँपिअरला ०.५ मिलिमीटर. घरात ही तार नसते, म्हणून एखाद्या वायरचा तुकडा सोलून आतला एक धागा काढला जातो. तो धागा साधारण ०.३ मिलिमीटरचा असतो. दिसायला दोन्ही तारा सारख्याच बारीक, पण आडव्या छेदाने हा धागा योग्य तारेच्या सव्वादोन पट भरतो. त्यातही एकाऐवजी तीन-चार धागे पिळून बांधले की ती तार वितळणारच नाही.

मग कच्चा दुवा कुठे गेला? तो भिंतीत गेला. आता जी तापेल, वितळेल आणि जळेल ती प्लॅस्टरच्या आत किंवा लाकडी पट्टीवर असलेली वायर. फ्यूज उडत नाही म्हणून घरातले सगळे निर्धास्त असतात, आणि खरी आग लागायची जागा माळ्यावर, कपाटामागे, गाद्यांच्या ढिगाजवळ तयार होत असते.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी आहे. वायरमनला बोलवा, मेन स्विच बंद करून सगळे किटकॅट बाहेर काढायला सांगा आणि आतल्या तारा स्वतः पाहा. पिळलेल्या, वेगवेगळ्या जाडीच्या, किंवा खिळा-चांदी असे काही घुसवलेले दिसले, तर ती पेटी आता तुमचे रक्षण करत नाही.

आजच वायरमन बोलवावा अशी लक्षणे

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तर रविवारची वाट पाहू नका. तो भार बंद करा, शक्य असेल तर मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

- पेटी हाताला गरम लागते. बाहेरच्या कोरड्या झाकणाला हाताची मागची बाजू टेकवा. किंचित कोमट असणे चालते, हात ठेववत नसेल तर आतला जोड सैल झाला आहे.
- जळका किंवा माशासारखा वास. तापलेल्या काही प्लॅस्टिकला मासळीसारखा वास येतो. स्वयंपाकघरात मासे नसताना पेटीजवळ तो वास आला, तर कारण पेटीतच शोधावे.
- काळे डाग, वितळलेला भाग, तडा गेलेला किटकॅट. याला वायरमन ‘कार्बन धरला’ म्हणतात. कार्बन पुसून काम भागत नाही, तो भाग बदलावा लागतो.
- चरचर किंवा गुणगुण. मोठा भार लावल्यावर पेटीतून आवाज येत असेल, तर आत ठिणगी पडते आहे.
- नळाला, फ्रिजला, कपडे धुण्याच्या मशीनला मुंग्या येतात. ‘थोडासा करंट लागतो, चप्पल घालून हात लावा’ असे ज्या घरात सांगितले जाते, त्या घरात एक दिवस कोणीतरी अनवाणी, ओल्या हाताने तिथे हात लावणार आहे.
- एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले जास्त प्रखर. हे न्यूट्रल सुटल्याचे लक्षण असू शकते. उपकरणे जळू शकतात. मेन बंद करून महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा.

येत्या काही महिन्यांत बदलावी अशी पेटी

काही पेट्या आज त्रास देत नाहीत, पण त्यांचा काळ संपलेला असतो. अशी पेटी सवडीने, पण ठरवून बदलावी.

लाकडी फळीवरचा बोर्ड हा त्यातला पहिला. ठिणगी पडली तर फळीच सरपण होते. दुसरी ओळख म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट असणे. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला की दिवे विझतात, सगळ्यांना वाटते वीज गेली, आणि कोणीतरी होल्डरमध्ये हात घालतो. फेज तिथे तशीच जिवंत असते. न्यूट्रलवर फ्यूज असलेली पेटी एवढ्या एका कारणासाठीही बदलण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट जागा. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर, मोरीच्या वर, गॅसच्या शेगडीजवळ किंवा कपाटाच्या मागे असलेली पेटी हलवायला हवी. अंधारात हात पोचला नाही, तर मेन स्विचचा उपयोग काय? चौथी गोष्ट गंज, पाली आणि मुंग्या. उघड्या पेटीत पाल शिरून दोन तारांना चिकटली की शॉर्टसर्किट होते, हे वायरमन लोकांना रोजचे आहे. पाचवी गोष्ट गर्दी. घर वाढवताना वरच्या मजल्याची, दुकानाची, गोठ्याची लाइन त्याच एका किटकॅटला जोडली असेल, तर पेटीला जागा उरलेली नाही.

आणि शेवटची, पण सगळ्यात महत्त्वाची: पेटीत गळती ओळखणारे उपकरण नसणे. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

एक उलट गोष्टही सांगायला हवी. वर्षातून एखाद्या वेळी फ्यूज उडाला किंवा एमसीबी पडला, म्हणून पेटी बदलायला कोणी सांगत असेल तर घाई करू नका. नव्या इस्त्रीत दोष असेल, मोटर अडकली असेल. ज्या वस्तूला हात लावताच ती पडते, ती वस्तू आधी तपासा.

एमसीबी घर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो

नवी पेटी म्हणजे एमसीबी, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. एमसीबी फ्यूजपेक्षा नक्कीच सोयीचा. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झाले की त्याचा खटका पडतो, दोष दूर करून वर केला की पुन्हा चालू. त्यात जाड तार बांधायची सोय नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. हे नीट समजून घ्या. माणसाच्या छातीतून तीस मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गेला तर जिवाचा धोका सुरू होतो. घरातला सगळ्यात लहान नेहमीचा एमसीबी सहा अँपिअरचा असतो, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. जिवाला धोका जिथे सुरू होतो, त्याच्या दोनशे पट प्रवाहावरही हा एमसीबी शांतपणे चालू राहतो. त्याच्या लेखी शॉक बसलेला माणूस म्हणजे एखादा छोटा दिवा.

ते काम आरसीसीबीचे. फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो की नाही, हे तो सतत मोजतो. मधेच थोडा प्रवाह माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला की हिशेब जुळत नाही, आणि तो डोळ्याची पापणी लवण्याच्या आत वीज तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीपासून थोडे संरक्षण देतो, पण जीव वाचवण्यासाठी तो नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: जास्त भार झाला तर साधा आरसीसीबी पडत नाही. म्हणून पेटीत दोन्ही हवेत.

त्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटन असते. ते दाबले की खटका लगेच पडला पाहिजे. दर महिन्याला विजेचे बिल आले की ते एकदा दाबावे, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. पडला नाही, तर तो शोभेचा आहे, बदला.

येथे एका वाईट सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या घरात नवा आरसीसीबी लावला की तो पुष्कळदा सारखा पडतो. मग ‘हा कटकट करतो’ म्हणून तो काढला जातो, किंवा दोन तारा परस्पर जोडून त्याला वगळले जाते. तो पडतो याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की घरात कुठेतरी गळती आहे किंवा दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडला तरी असेच होते. दोष शोधायला वायरमनला अर्धा दिवस लागेल. तो अर्धा दिवस द्या. पहारेकऱ्याने आवाज दिला म्हणून त्यालाच घालवून दिले, तर चोर कसा सापडणार?

माण-जतची कोरडी जमीन

आपल्या दोन जिल्ह्यांत पावसाचा फरक मोठा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीकडचे जत आणि आटपाडी असेच कोरडे. याचा संबंध पेटीशी आहे, तो अर्थिंगमुळे.

अर्थिंगची पट्टी जमिनीत पुरलेली असते आणि ओल्या मातीतून वीज सहज जाते. मुरमाड, सुकलेल्या जमिनीत तिला वाट मिळत नाही. समजा, उन्हाळ्यात तुमच्या अर्थिंगचा रोध वीस ओहम झाला. कपडे धुण्याच्या मशीनच्या पत्र्याला फेज चिकटली. २३० ला वीसने भागा: साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. पेटीत सोळा अँपिअरचा एमसीबी असेल तर तो पडणार नाही. मशीनचा पत्रा जिवंत राहील आणि कोणाला कळणारही नाही. तेथे आरसीसीबी असता तर त्याच क्षणी वीज तुटली असती.

म्हणून माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या घरांत आरसीसीबी ही चैन मानू नये. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. पेटी बदलताना वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि तो आकडा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावा.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या घरांचा प्रश्न वेगळा. तिथे चार महिने भिंती ओल्या असतात. जुनी रबराची किंवा कापडी वेष्टणाची वायर ओलीने फुटते. तिथे नुसती पेटी बदलून चालणार नाही, वायरिंगही तपासायला हवे.

पुराच्या पाण्यात बुडालेली पेटी

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. नदीकाठच्या अनेक घरांत मीटर आणि पेटी दोन्ही पाण्याखाली गेली.

पूर ओसरल्यावर पेटी उन्हात वाळवून, ब्रशने गाळ काढून पुन्हा लावण्याचा मोह होतो. खर्चाने कंबर मोडलेली असते, ते आम्ही समजू शकतो. तरीही बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी परत वापरू नये. तो बाहेरून बंद असतो, आत बारीक स्प्रिंग आणि पट्ट्या असतात. गाळ तिथे शिरला की तो काढता येत नाही. वरून खटका चालतो, पण गरजेच्या वेळी तो पडेल याची खात्री उरत नाही. किटकॅटच्या जुन्या पेटीतही गंज आणि गाळ जोड खराब करतात.

पुरानंतर वीज जोडण्याआधी वायरमनकडून ‘मेगर’ने इन्सुलेशन तपासून घ्यावे. आकडा एक मेगओहमच्या खाली असेल तर वीज जोडू नये, वायरिंग आणखी वाळू द्यावे किंवा बदलावे. नवी पेटी लावताना २०१९ ची खूण भिंतीवर दिसत असेल, तर तिच्यावर लावता येईल का ते पाहावे. खालच्या मजल्याची लाइन वेगळी आणि वरच्या मजल्याची वेगळी ठेवली, तर पाणी आल्यावर खालची बंद करून वर दिवा ठेवता येतो.

पाणी यायच्या आधी, कोरड्या पायांनी मेन बंद करावा. पाणी घरात शिरल्यावर मेन बंद करायला त्यातून चालत जाऊ नये. तेव्हा बाहेर पडावे आणि १९१२ वर कळवावे.

काम कोणाकडून, काय मागून

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची घरमालकाची. मीटरचे सील स्वतः तोडू नये आणि वायरमनलाही तोडू देऊ नये. पेटीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि काम झाल्यावर त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागावा. मोहल्ल्यातला ओळखीचा वायरमन हुशार असू शकतो, पण तो कोणत्या ठेकेदाराच्या परवान्यावर काम करतो हे विचारायला संकोच करू नये.

आधी विजेचे बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तिथे एक किलोवॉट असेल आणि घरात गिझर, मोटर, एसी चालत असतील, तर भार वाढवण्यासाठी अर्ज करावा. नाहीतर पेटी नवी होईल आणि खांबावरून येणारी वायर जुन्याच हिशेबाची राहील.

वायरमनला पुढील गोष्टी स्पष्ट सांगा:

- सुरुवातीला दोन पोलचा मेन स्विच, त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, त्यापुढे प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी.
- दिव्या-पंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटर वायरला सहा किंवा दहा अँपिअर. प्लगच्या अडीच चौरस मिलिमीटर वायरला सोळा. गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि वीस किंवा पंचवीस अँपिअर.
- एमसीबी, आरसीसीबी आणि वायर यांवर आयएसआयची खूण. बिल पक्के.
- दोन-तीन जागा रिकाम्या असलेली पेटी. घर वाढणारच.
- प्रत्येक एमसीबीखाली मराठीत चिठ्ठी: ‘स्वयंपाकघर’, ‘वरची खोली’, ‘मोटर’. इंग्रजी न वाचणाऱ्या दादीलाही अंधारात कळले पाहिजे.

एमसीबी सारखा पडतो म्हणून ‘सोळाचा काढून बत्तीसचा टाकतो’ असे कोणी म्हणाले, तर हात धरा. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणे म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार बांधण्याचाच नवा प्रकार.

पैशांची सोय एकदम होत नसेल तर कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा अर्थिंग आणि आरसीसीबी, कारण जीव आधी. मग गिझर, मोटर यांसारख्या मोठ्या भारांच्या वेगळ्या लाइन. मग पूर्ण पेटी. शेवटी जुने वायरिंग, एकेक खोली करत. वायरिंगला हात न लावता नुसती पेटी बदलायचा खर्च सहसा एका साध्या स्मार्टफोनच्या पुढे जात नाही. ईदच्या खरेदीत एखादी वस्तू पुढच्या वर्षावर ढकलून हे काम होऊ शकते.

भाड्याने राहणाऱ्यांनी पेटीचे फोटो काढून घरमालकाला लेखी कळवावे. दुरुस्ती त्याची जबाबदारी आहे, पण झोपणारी लेकरे तुमची आहेत. तोपर्यंत निदान गिझर आणि इस्त्री एकदम लावू नका.

मेन स्विच सगळ्यांना ठाऊक हवा

आपल्याकडे विजेचे काम पुरुषांचे, अशी समजूत आहे. पण दिवसभर घरात असतात त्या बहुतेक बाया, म्हातारी माणसे आणि मुले. अब्बा दुकानात, भाई पुण्याला किंवा आखातात. शॉक बसला किंवा धूर निघाला, तर मेन बंद करायचा आहे तो अम्मीने, भाभीने, नाहीतर दहावीतल्या मुलीने. म्हणून एका जुम्म्याला, सगळे घरी असताना, प्रत्येकाला पेटीसमोर उभे करा आणि मेन बंद करून दाखवायला लावा. उरूस किंवा शादीला रोषणाई लावताना मंडपवाल्याची लाइन कुठून जाते, हेही घरातल्यांनी पाहावे. घराच्या प्लगमधून शंभर दिव्यांच्या माळा ओढू देऊ नयेत.

कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा आणि १०८ वर फोन करा. पेटीला आग लागली तर पाणी टाकू नका. मेनपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तर तो बंद करा, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ वर कळवा.

मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. पैगंबर मुहम्मद (स.) यांना ते समजले तेव्हा त्यांनी आगीला माणसांचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगितले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. त्या काळी घरातली आग म्हणजे दिवा आणि चूल, डोळ्यांना दिसणारी. आज ती भिंतीच्या आत, तारेत असते आणि फुंकर मारून विझत नाही. तिला वेळेत तोडणारी एकच वस्तू घरात आहे, मीटरशेजारची ती पेटी. तिच्यात काय बांधले आहे, हे घरच्या कर्त्या माणसाला माहीत असले पाहिजे.

या महिन्याचे बिल आले की ते भरण्याआधी पाच मिनिटे काढा. पेटीला हाताची मागची बाजू टेकवा, वास घ्या, कान द्या. आरसीसीबी असेल तर त्याचे बटन दाबा, आणि नसेल तर वायरमनला फोन करा.